ट्यूब ॲम्प घ्यायचाय? मग ऐकायला जाण्याआधी

सगळ्यात आधी एका गोष्टीचा निकाल लावून टाका: तुम्ही गिटार खरोखर कुठे आणि किती आवाजात वाजवता? बंद खोलीत रात्री, की ड्रमरच्या बाजूला उभं राहून? स्टेजवर वाजवायचं स्वप्न आहे, हे उत्तर इथे धरायचं नाही. ट्यूब ॲम्पच्या (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्पच्या) ज्या आवाजासाठी लोक एवढे पैसे मोजतात, त्यातला बराचसा भाग पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या शेवटच्या ट्यूब) आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (त्यांना स्पीकरशी जोडणारा) यांना कामाला लावल्यावर येतो, आणि कामाला लावायचं म्हणजे आवाज वाढवायचा. १०० वॅटचा ॲम्प व्हॉल्यूम दीडवर ठेवून वाजवणार असाल, तर ज्यासाठी पैसे मोजले ते कधी ऐकूच यायचं नाही.

वॅटचा हिशेबही याच वेळी समजून घ्या, कारण तो अनेकांना चकवतो. १०० वरून ५० वॅटवर आलात तर आवाज निम्मा होत नाही, जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे १० वॅट. त्यामुळे ‘वीस वॅटचाच घेऊ, घरात चालेल’ या समजुतीत फारसा दम नाही. २२ वॅटचा फेंडर डीलक्स रिव्हर्ब फुटायला (आवाज डिस्टॉर्ट व्हायला) लागेपर्यंत चढवून बघा, घरातले लगेच दार बंद करतील. तेव्हा मास्टर व्हॉल्यूम (प्रीॲम्प चढवूनही एकूण आवाज खाली ठेवणारा नॉब) आहे का, पॉवर कमी करायचा स्विच आहे का, हे विचारून ठेवा. नसेल तर चांगल्या रिॲक्टिव्ह ॲटेन्युएटरचे (ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसून आवाज कमी करणाऱ्या यंत्राचे) पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा.

मग घराणं ठरवा. महागडे, हाताने बांधलेले बरेचसे ॲम्प जुन्या मोजक्या सर्किटांमधूनच आलेले आहेत. मार्शलचा पहिला ॲम्प, १९६२ सालचा जेटीएम४५, हा फेंडर बासमनच्या सर्किटवरूनच बेतलेला होता. मॅचलेस डीसी-३० ची नाळ व्हॉक्स एसी३० शी जुळते, टू-रॉकची डंबल ॲम्पशी. मोकळा, काचेसारखा स्वच्छ आवाज हवा असेल तर ६एल६ किंवा ६व्ही६ या जातीच्या पॉवर ट्यूबवाल्यांकडे वळा. मधल्या पट्टीत गुरगुरणारा हवा असेल तर ईएल३४, आणि कॉर्ड वाजवताच चमचमणारा हवा असेल तर ईएल८४. हे ढोबळ आहे, सर्किट आणि स्पीकर ते सहज उलटवू शकतात. पण समोरासमोर ठेवायचे ते एकाच घराण्यातले दोन-तीन ठेवा. डीसी-३० आणि टू-रॉक शेजारी ठेवून ‘यातला चांगला कोणता’ असं विचारण्यात अर्थ नाही.

जाताना तुमचीच गिटार न्या, तुमचीच केबल न्या, पेडल फार तर दोन. लूपर (वाजवलेलं भरून पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) असेल तर तो जरूर न्या. त्यात स्वतःचं एक मिनिटभराचं, कुठलाही इफेक्ट न लावता वाजवलेलं भरून ठेवायचं आणि तेच प्रत्येक ॲम्पला द्यायचं. हात मध्ये नसला की कान बरेच प्रामाणिक होतात. फोनवर आवाज मोजायचं ॲपही टाकून ठेवा, आणि ते वापरायला लाजू नका. सगळ्या यादीतली हीच गोष्ट मी सक्तीची करेन. दोन ॲम्पमध्ये एक जरासा मोठा असला की तो भरदार, जिवंत, ‘जास्त थ्री-डी’ वगैरे वाटतो. कारण कानाची घडणच तशी आहे: कमी आवाजात खालचे आणि वरचे सूर आपल्याला कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. फोन एकाच जागी ठेवा, तोच कॉर्ड त्याच जोराने वाजवा आणि दोन्ही ॲम्प एका डेसिबलच्या आत आणा. मघाशी जमीन-अस्मानाचा वाटलेला फरक अशा वेळी बऱ्याचदा निम्म्यावर येतो.

स्पीकरचंही तेच. तेवढ्याच पॉवरवर सेलेस्टियनचा ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा, व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा. त्याच ॲम्पला हे दोन लावले तर दोन वेगळे ॲम्प ऐकल्यासारखं वाटेल. म्हणून शक्य असेल तिथे सगळे हेड (स्पीकर नसलेले ॲम्प) आणि कॉम्बो (ॲम्प-स्पीकर एकाच खोक्यात) एकाच स्पीकर कॅबिनेटला जोडून ऐकवायला सांगा. ओहम जुळतात ना ते पाहा, जोडणीला स्पीकर केबलच वापरा, गिटारची नको. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

नॉब सगळीकडे घड्याळातल्या बारावर, म्हणजे मधे ठेवून तुलना करणं दिसायला न्याय्य वाटतं, पण ते चूक आहे. प्रत्येक ॲम्पचं ‘मधे’ वेगळं असतं. एसी३० वरचा कट नॉब तर उलटा चालतो, चढवला की वरचे सूर कमी होतात. प्रत्येकाला दहा मिनिटं द्या, कानाने जुळवा, मगच मत बनवा. कॉम्बो जमिनीवर असेल आणि तुम्ही समोर उभे असाल तर तो तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतोय. वरचे सूर स्पीकरमधून सरळ रेषेत निघतात, म्हणून एकदा खाली बसून कान स्पीकरच्या समोर आणा आणि एकदा चार मीटर मागे जाऊन ऐका.

मग लूपर बाजूला ठेवून स्वतः वाजवा. ॲम्प थोडा फुटेल इतका चढवा आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून हळूहळू चारवर आणा. चांगला ॲम्प साफ होत जातो, मेंगळट होत नाही. तीच तार एकदा बोटाने, एकदा पिकने जोरात छेडा. जीझेड३४ सारखा ट्यूब रेक्टिफायर (ॲम्पला आतून डीसी वीज पुरवणारी ट्यूब) असेल तर जोराच्या फटक्याला आवाज किंचित दबून मग फुलतो. तो हाताला आवडतो की आळशी वाटतो, हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. शेवटी गिटारची केबल काढून (स्पीकरची नव्हे) व्हॉल्यूम चढवा आणि नुसती घरघर ऐका. प्रीॲम्पच्या (गिटारचा सिग्नल आधी मोठा करणाऱ्या) छोट्या ट्यूबवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टकटक करायला सांगा. बारीक टक ऐकू आली तर ठीक, घंटेसारखा नाद घुमत राहिला तर ती ट्यूब बदलून मागा.

आतली बांधणी बघायची तर फोटो मागा, स्वतः उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट टिकून राहू शकतात. हाताने वायर जोडलेला म्हणजे आवाज चांगलाच, असं मला वाटत नाही. नीट केलेला सर्किट बोर्डही उत्तम वाजतो. जास्तीचे पैसे द्यायचे ते दुरुस्तीच्या सोयीसाठी: ट्यूबचे सॉकेट बोर्डावर न बसवता धातूच्या चेसिसवर आहेत का, बायस (पॉवर ट्यूबमधून वाहणारा करंट ठरवणारी जुळवणी) मोजायची सोय बाहेरून आहे का. बायस आपोआप जुळणाऱ्या, म्हणजे कॅथोड बायसवाल्यात पॉवर ट्यूब बदलताना सहसा बायस लावावा लागत नाही, बाहेरून ठरवून दिलेल्या फिक्स्ड बायसवाल्यात तो तपासून घ्यावाच लागतो. जुना ॲम्प असेल तर फिल्टर कपॅसिटर (वीज गुळगुळीत करणारे) कधी बदलले आणि ट्रान्सफॉर्मर मूळचेच आहेत का, एवढं विचारलं तरी विकणारा किती पाण्यात आहे ते कळतं.

दुसऱ्या देशातून मागवणार असाल तर मागच्या पाटीवर व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही वाचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो.

वजन उचलून बघा. ट्विन रिव्हर्ब २९ किलोच्या आसपास भरतो, आणि तो वरच्या एकाच मुठीला धरून जिना चढायचा असतो. परत करायची मुदत लेखी घ्या, आणि ती संपेपर्यंत खोकं, आतला फोम आणि ट्यूबला लावून आलेलं पॅकिंग जपून ठेवा.