कोल्हापूरातनं समुद्राला जायचंय? जाताना फोंडा, येताना गगनबावडा

एकाच रस्त्यानं जाऊन परत यायचं म्हणजे निम्मी मजा घालवायची, म्हणून जाताना राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट धरा आणि येताना तळेरे, वैभववाडी, करूळ घाट करत गगनबावड्यावरनं वर या. सीझन म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसात हिरवंगार असतं खरं, पण धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, दरडी कोसळतात, कधी घाटच बंद असतो, त्यामुळं निघायच्या आधी घाट चालू हाय का ते चौकशी करूनच निघा.

पहाटे लवकर निघायचं, टाकी शहरातच फुल करायची. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, तिथं थांबाच. पाणी भरलं की दरवाजे आपोआप उघडतात, हे कोल्हापूरकरानं एकदा तरी बघायलाच पाहिजे. दाजीपूरच्या जंगलात गाडी हळू चालवा, गवा रस्त्यावर आला तर हॉर्न न वाजवता, लाईट न मारता थांबायचं, तो आपला आपण जातो.

घाट उतरताना न्यूट्रल अजिबात नको, सेकंड गिअर ठेवा, सारखा ब्रेक दाबला तर तापून लागायचा बंद होतो. खाली कणकवली, मग देवगड. मुक्काम कुणकेश्वरला करा, देऊळ अगदी समुद्राला लागून हाय आणि किनारा पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्त समोरच. दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग बघून परतीला लागा, गगनबावडा उजेडातच चढा.