फिरायला पैसे नाहीत म्हणताय? आधी या चुका टाळा

आमच्या रत्नागिरीत कोणालाही विचारा, यंदा कुठे फिरून आलास काय रे, उत्तर ठरलेलं: "पैसे कुठायत." आणि पैशांचं नसलं तर सीझनचं. जूनमध्ये लावणी, भाद्रपदात गणपती, मग कापणी, थंडीत मोहोर आणि फवारणी, तेवढ्यात शिमगा, आणि एकदा आंबा सुरू झाला की मान वर करायची सोय नाही. मी पण दहा वर्षं हेच बोलत होतो त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाही. पण एकदा घरखर्चाची वही नीट बघितली तेव्हा कळलं, पैसे जात होतेच, फक्त फिरण्यावर जात नव्हते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "पैसे जमले की तारीख ठरवू". असे कधी जमत नाहीत हो! आधी तारीख, मग पैसे. रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं (ऑक्टोबर 2024 पर्यंत 120 होतं), त्या दिवशी सकाळी तिकीट काढून टाकायचं, कारण एकदा तिकिटाचे पैसे गेले की कॅन्सल करायला जिवावर येतं आणि माणूस जातोच. आम्ही चौघांनी केरळचं असंच केलं, नेत्रावती एक्स्प्रेस रत्नागिरीला थांबते, सरळ खाली. खर्चासाठी भिशीसारखे महिन्याला पाचशे-पाचशे काढत होतो, फक्त नंबर लावायचा नाही, सगळे पैसे ट्रिपलाच. दहा महिन्यांत वीस हजार झाले. थोडं ताणावं लागलं पण झालं.

दुसरी चूक, जेव्हा अख्खा महाराष्ट्र निघतो तेव्हाच आपण पण निघायचं. 25 डिसेंबरच्या आठवड्यात बुकिंग न करता तारकर्लीला गेलो होतो, रात्री आठपर्यंत बॅगा घेऊन रूम शोधतोय, शेवटी दुप्पट भाडं देऊन मिळाली त्यात गीझर पण नव्हता. तीच जागा फेब्रुवारीत, सोमवार ते गुरुवार, रिकामी पडलेली असते. होमस्टेवाल्याला फोन करून सरळ विचारा, मधल्या वारी काय लावाल. आपल्याकडे लोक विचारायलाच लाजतात आणि मग महाग महाग म्हणून ओरडतात.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात, स्वस्त म्हणून ऐन पावसात मालवण. रूम स्वस्त मिळते हे खरं, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, आणि जून-जुलै मासेमारी बंदी म्हणजे ज्यासाठी गेलात ती ताजी सुरमई पण शोधावी लागते. मी हे केलंय. महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग समोर दिसतोय आणि आपण धक्क्यावर छत्री धरून वडापाव खातोय! पावसात जायचंच तर आंबोली नाहीतर मार्लेश्वर, तिथे पाऊस हीच मजा. आणि कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं, ते न बघता स्टेशनवर जाऊ नका.

जेवणाचं एवढंच सांगतो, रोज दोन्ही वेळा सुरमई थाळी नको, एक वेळ बांगडा खा, चव कमी नाही आणि पैसे बरेच कमी.

आता एसटी. मालवणला जाताना ट्रेनमधून कुडाळला उतरलं की लोक सरळ रिक्षा करतात, आणि ट्रेनमध्ये वाचवलेलं तिथे घालवतात. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वाल्यांना अर्धं, 75 च्या पुढे फुकट, फक्त कुठलं कार्ड लागतं ते आधी डेपोत विचारा. जास्त गावं करायची असतील तर "आवडेल तेथे प्रवास"चा चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो, तो डेपोत विचारा. "म्हातारी माणसं आहेत, त्यांना नेणं परवडत नाही" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावाच. आमच्याकडे आई 76 ची म्हणून फुकट, बायको अर्धी, पूर्ण तिकीट माझ्या एकट्याचं. वाचलेल्या पैशांचं आईने मालवणात खाजं घेतलं, तीन किलो, ते रत्नागिरीपर्यंत उचलायचं कोणी हे मात्र बजेटमध्ये धरलं नव्हतं.