जनरेटरचा डिझेल काटा चुकतोय?

काटा शून्यावर दिसला म्हणून लगेच टाकीतला पातळी मोजणारा सेन्सर बदलू नका. आधी टाकीत डिपस्टिक (खोली मोजायची पट्टी) घाला. आमच्या सोसायटीच्या जनरेटर सेटवर अर्धी टाकी भरलेली असताना पॅनल रिकामी दाखवत होता. सेट बंद करून सेन्सरची वायर काढली, मल्टिमीटर लावला: रोध 103 ओहम. हा 240–33 जातीचा सेन्सर, म्हणजे रिकामीला 240, भरलेलीला 33. अर्ध्याला 103 बरोबरच. सेन्सर ठणठणीत! दोष अर्थिंगच्या गंजलेल्या लगमध्ये (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीत) होता. गंजामुळे रोध वाढतो आणि डिझेल कमी दिसतं. लग घासून घट्ट आवळला.

ओहम बदलतच नसतील तर सेन्सर बाहेर काढून फ्लोट (डिझेलवर तरंगणारा पोकळ भाग) हलवून बघा. आत डिझेल खळखळलं तर फ्लोट फुटलाय. नवा घेताना जात जुळवाच. 10–180 वाला उलटा चालतो.