कॅज्युअल्टीतल्या चिठ्ठ्यांची तपासणी: काय मोजायचं आणि खर्च कसा काढायचा

कॅज्युअल्टीत डॉक्टर औषधांची चिठ्ठी घाईत लिहितात आणि नातेवाईक समोरच्या मेडिकलमधून घाईतच विकत घेतात. भाव विचारण्याच्या मनःस्थितीत तिथे कुणी नसतं. म्हणून इथल्या चिठ्ठ्या वर्षातून एकदा तरी तपासायलाच हव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९३ च्या पद्धतीनुसार एका केंद्रासाठी किमान १०० चिठ्ठ्या लागतात. कॅज्युअल्टीसाठी ६०० घ्या, कारण कामाची पाळी आणि ऋतू बदलला की रुग्णही बदलतात. रजिस्टरमध्ये वर्षाला ३६,००० नोंदी असतील तर दर ६० वा केसपेपर घ्यायचा आणि सुरुवातीचा आकडा १ ते ६० मधून सोडत काढून ठरवायचा. हाताशी आलेला गठ्ठा उचलला तर सगळा पावसाळाच नमुन्यात येतो आणि ताप-जुलाबाचीच औषधं दिसतात. नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. रुग्णाचं नाव तक्त्यात लिहू नका.

प्रत्येक केसपेपरचे दोन भाग करा: विभागात लगेच दिलेली औषधं आणि घरी जाताना लिहून दिलेली औषधं. हे वेगळं केलं नाही तर इंजेक्शनचं प्रमाण भरमसाट दिसतं आणि त्यातून काहीच कळत नाही. मोजायच्या गोष्टी पाच: दर चिठ्ठीमागे किती औषधं, त्यातली जेनेरिक नावाने (कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने) किती, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली (२०२२, ३८४ औषधं) किती, आणि अँटिबायोटिक किंवा इंजेक्शन असलेल्या चिठ्ठ्या किती टक्के. धनुर्वाताची लस इंजेक्शनात धरायची नाही. एका गोळीत दोन घटक असले तरी औषध एकच. मेट्रोनिडॅझोल (जिवाणूंवर आणि आमांशाच्या परजीवींवरही चालणारं औषध) अँटिबायोटिकमध्ये धरायचं की नाही, हे मोजणी सुरू होण्याआधी लिहून ठेवा, नाहीतर मोजणाऱ्या दोघांचे आकडे जुळणार नाहीत. अँटिबायोटिकसमोर ‘अ‍ॅक्सेस’, ‘वॉच’, ‘रिझर्व्ह’ असा जागतिक आरोग्य संघटनेचा गटही लिहा: पहिला नेहमीच्या वापराचा, दुसरा जपून वापरायचा, तिसरा शेवटचा उपाय म्हणून राखलेला. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात येतं, सेफट्रायअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात. या पाच गोष्टींचे संघटनेचे आदर्श आकडे बाह्यरुग्ण विभागासाठी आहेत, कॅज्युअल्टीला ते लावणं चूक.

आता खर्च. सगळे भाव एकाच दिवसाचे घ्या, कारण राष्ट्रीय यादीतल्या औषधांच्या सरकारने ठरवलेल्या कमाल किमती दर १ एप्रिलला घाऊक महागाईप्रमाणे बदलतात. पाकिटाचा नव्हे, एका गोळीचा भाव काढा. ब्रँडची पट्टी १५ गोळ्यांची आणि जनऔषधीची (सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक दुकानाची) १० ची असेल तर पट्ट्यांची तुलना फसवी ठरते. मेडिकलवाला पट्टी कापून देत नसेल तर रुग्णाने प्रत्यक्षात भरलेली रक्कम वेगळ्या रकान्यात लिहा. सर्वांत मोठी फसगत छापील किमतीत असते. दुकानात ‘जेनेरिक’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक पाकिटांवर ब्रँडइतकीच किंमत छापलेली असते आणि सूट दुकानदाराच्या मर्जीवर असते. म्हणून तुलना बिलावरच्या भावाशी करा, नाहीतर ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवरच्या दराशी. रुग्णालयाच्या खरेदीचा दर यात मिसळू नका, तो रुग्णाला मिळत नाही.

बचत दोन टप्प्यांत काढा, याच क्रमाने. आधी फार्माकॉलॉजीच्या (औषधशास्त्राच्या) आणि कॅज्युअल्टी विभागातल्या अशा दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे गरज नसलेली औषधं खुणावावीत: तोंडाने गोळी घेऊ शकणाऱ्या रुग्णाला शिरेतून पँटोप्राझोल (अ‍ॅसिडिटीचं औषध), साध्या विषाणूजन्य तापाला सेफट्रायअ‍ॅक्सोन. मग उरलेल्या औषधांवरच ब्रँड आणि जेनेरिकमधला फरक लावायचा. क्रम उलटला तर एकच रुपया दोनदा वाचलेला दिसतो. उदाहरणार्थ, गोळीचा ब्रँडचा भाव १० रुपये आणि जेनेरिकचा २ रुपये धरा. पाच दिवस रोज एक गोळी दिली तर ४० रुपये वाचतात. पण गोळीची गरजच नव्हती तर पूर्ण ५० वाचतात. नुसतं जेनेरिकचं गणित मांडणारी तपासणी मला अपुरी वाटते, कारण नको असलेलं औषध स्वस्तात देणं हाही खर्चच आहे.

फिट्सवर फेनिटॉइन चालू असलेल्या रुग्णाला ब्रँडऐवजी जेनेरिक देण्याच्या हिशेबात धरू नका. कंपनी बदलली की रक्तातली पातळी हलू शकते, म्हणून तो निर्णय त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच घ्यावा.

निकाल डॉक्टरांची नावं न घेता, पाळीनुसार मांडा. नाव घेतलं की पुढच्या महिन्यात केसपेपरवरचं लिखाण तोकडं होतं आणि मोजायलाच काही उरत नाही. फेरतपासणी पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत, त्याच अंतराने केसपेपर घेऊन करा. तुलना करताना जुनेच भाव लावा, म्हणजे दरवाढीमुळे बदललेला खर्च आणि लिहिण्याची सवय बदलल्यामुळे बदललेला खर्च वेगळा दिसेल.