चार दिवस नव्हे, वर्षानुवर्षं सासू राहायचं कसं

२००१ साली बँकेतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. शाखेतल्यांनी निरोपाला चांदीचं निरांजन दिलं आणि पुढच्याच महिन्यात मी मुंबईत मढच्या एका बंगल्यात, मालिकेच्या सेटवर, कुणाची तरी सासू होऊन उभी राहिले. तेव्हापासून पाच सासवा, दोन आज्या आणि एक कजाग आत्या झाली. पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, करून आलेली मुलं सदाशिव पेठेत घरी येतात, "काकू, मालिकेत जायचंय," म्हणतात. त्यांना पोहे देते आणि हे सांगते.

आधी आवाज खाली आणा. भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू जावं म्हणून तुम्ही छाती फोडलेली असते. इथे माइक पदराआड असतो. पहिल्या दिवशी मी वाक्य टाकलं आणि साउंडवाल्याने हेडफोन काढून कान चोळला. टेबलापलीकडच्या माणसापुरतं बोला. आणि बांगड्या! हात हलला की त्या संवादावर वाजतात. मी त्या आतून दोऱ्याने बांधून टाकते.

पाठांतराची ऐट सोडा. सीन कधी दहा मिनिटं आधी हातात येतो, कधी मेकअप चालू असताना मोबाइलवर. ओळी घोकू नका. आधी भांडण कशावरून आहे आणि आपल्याला समोरच्याकडून काय हवंय ते बघा. शब्द मागून येतात. कधी समोरची सून दुसऱ्या सेटवर पळालेली असते आणि तुमचा क्लोज, म्हणजे फक्त चेहऱ्याचा शॉट, राहिलेला असतो. मग असिस्टंट तिची वाक्यं सपाट आवाजात वाचतो आणि तुम्ही लाइटच्या स्टँडला चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघून रडायचं. आजवर मी माणसांपेक्षा स्टँडसमोरच जास्त रडले असेन.

आता वहीबद्दल, कारण मला टिकवलं असेल तर वहीने. दाराबाहेरचा सीन आज होतो आणि दार उघडून आत आल्यावरचा आठ दिवसांनी. पदर कुठल्या खांद्यावर होता, टिकली केवढी, पिशवी डाव्या हातात की उजव्या, चष्मा डोळ्यावर की गळ्यात, हे कंटिन्युइटीचा मुलगा फोटो काढून ठेवतो खरा, पण तो मुलगा मध्येच नोकरी सोडून जातो. वही जात नाही. मी त्यात मनाचंही लिहिते: "सीन १४, सुनेवर चिडलेय पण मुलासमोर दाखवत नाहीये." जेवणाच्या टेबलाचा सीन असेल तर घास कुठल्या शब्दावर घेतला तेही लिहा, कारण मास्टर, म्हणजे सगळ्यांचा मिळून पूर्ण सीनचा शॉट, झाला की तोच घास प्रत्येक क्लोजला त्याच शब्दावर घ्यावा लागतो. म्हणून पहिल्या टेकला श्रीखंडाला हात लावायचा नाही. वरणभाताचं शीत उचलायचं. एका नव्या मुलाने हौसेने अख्खी पुरणपोळी मोडली. सातव्या टेकला त्याचा चेहरा बघवत नव्हता.

पैशांचं बँकवालीकडून ऐका. मानधन दिवसावर ठरतं आणि साधारण नव्वद दिवसांनी हातात पडतं, तेही टीडीएस कापून. म्हणजे मुंबईत जाताना तीन-चार महिन्यांचं भाडं गाठीला हवं. करारात महिन्याला किमान किती दिवस काम देणार ते लिहून घ्या; तुमचा ट्रॅक, म्हणजे तुमच्या पात्राची गोष्ट, थांबला की तेवढाच आधार. किती दिवस गेलात याची नोंदही त्याच वहीत. एका निर्मात्याकडे माझे अकरा दिवस आजही येणं आहेत. तेव्हा नोंद ठेवली नव्हती, चूक माझीच.

रोहिणी हट्टंगडी मूळच्या पुण्याच्याच. त्यांची 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग. नाव चार दिवसांचं, मुक्काम अकरा वर्षांचा! पण सगळ्यांचं असं होत नाही. टीआरपी घसरला की पात्र अमेरिकेला तरी जातं, नाहीतर हार घातलेल्या फोटोत. २०२० च्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ६५ च्या वरच्यांना सेटवर यायला मनाई होती. मी तेव्हा ६६ वर्षांची. माझं पात्र रातोरात चारधामला गेलं. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, तेव्हा परतले. त्या काळात मी कुणाला रडका फोन केला नाही. दर पंधरा दिवसांनी "तब्येत ठणठणीत" एवढाच मेसेज लेखिकेला. तुम्हीही हेच करा.

घर पुण्यातच ठेवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठेवलं. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस ठाण्यात घोडबंदरला दोघींबरोबर भाड्याच्या खोलीत, बाकी इथे. पॅकअपनंतर ठाण्याहून स्वारगेटची शिवनेरी धरते. घाटात झोप लागते, मेकअप तसाच. घरी गणपती बसायच्या आधीच सेटवरच्या गणपतीचं विसर्जन मी करून आलेली असते, त्यामुळे घरच्या आरतीला माझे डोळे सवयीने कॅमेरा शोधतात. जाऊबाई म्हणतात, "वहिनी, ही खरी आहे, नीट म्हणा."