कंपन्यांसारखा टॅक्स वाचवायला निघालात? या चुका टाळा

जुलै आला, रिटर्न भरायची वेळ झाली की माझ्याकडे तोच प्रश्न, "कंपन्या २२ टक्क्यांत सुटतात, मग मी ३० का भरू?" रील बघून आलेला असतो माणूस, त्याला थांबायचं नसतं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे टॅक्ससाठी प्रायव्हेट लिमिटेड काढणं. सरचार्ज, सेस (टॅक्सवर लागणारे जादा कर) धरून २२ चे २५.१७ होतात, ते सोडा, पण उरलेला पैसा कंपनीचा असतो, तुमचा नाही. घरी आणायचा तर पगारावर स्लॅबने टॅक्स, डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, घेतला तर २०२० पासून त्यावरही स्लॅबने. ३० टक्केवाल्याच्या हातात नफ्याच्या १०० रुपयांतले साडेएक्कावन्न येतात, सरळ स्वतःच्या नावावर कमावले असते तर टॅक्स आणि सेस जाऊन ६८ रुपये ८० पैसे. मोठी कंपनी नफा आतच फिरवते म्हणून तिला परवडतं, आपला ईएमआय ५ तारखेला असतो ना राव.

बोरिवलीचा एक इंटिरियरवाला, वर्षाची बिलं २८ लाख. नको म्हटलं तरी कंपनी काढली, बायकोला डायरेक्टर केलं, आणि फ्लॅटचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, पोरीची फी सगळं कंपनीच्या खात्यातून, एन्ट्री काय तर "डायरेक्टरला लोन"! कंपनीत नफा साठलेला असेल तर असं लोन डिव्हिडंडच धरतात. वर ऑडिट, आणि आरओसीचे (कंपन्यांची नोंद ठेवणारं सरकारी ऑफिस) दोन फॉर्म वर्षभर राहिले, फॉर्ममागे दिवसाला १००, म्हणजे ७३,००० नुसती लेट फी. गप्प स्वतःच्या नावावर ४४ एडीए (बिलांच्या निम्मे उत्पन्न धरून टॅक्स भरायचं कलम) घेतलं असतं तर २८ चे निम्मे, १४ लाख उत्पन्न, २०२५-२६ च्या नव्या रिजीमने टॅक्स ९३,६००, विषय संपला.

दुसरं, बायकोच्या नावावर एफडी. पैसे तुम्ही दिलेत तर व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात, सुनेचंही तेच. आईवडिलांना दिले तर नाही धरत, मी तेच सुचवतो, फक्त पुढे त्यात भावाबहिणींचाही वाटा येतो हे आधी घरात बोलून घ्या.

एचयूएफमध्ये, म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबाच्या वेगळ्या टॅक्स खात्यात, स्वतःचे पैसे टाकून टॅक्स वाचत नाही.

जुन्या रिजीममध्ये घरभाड्याची सवलत घ्यायला आईला भाडं दाखवताय? मग खरंच ट्रान्सफर करा आणि तिच्या रिटर्नमध्ये दाखवा.

आणि ते दुबई-मॉरिशसला पैसे नेऊन टॅक्स वाचवणं. "व्होडाफोनने केलं ना!" अहो, भारतातला मोबाइल धंदा परदेशी कंपनीमार्फत घेतल्याच्या २००७ च्या डीलवर टॅक्सची केस ते सुप्रीम कोर्टात जिंकले २०१२ ला, मग सरकारने मागच्या तारखेने कायदाच बदलला, तो मागे घेतला २०२१ ला. तेवढी वर्षं वकील पोसाल? शिवाय तुम्ही राहता इथे, त्यामुळे जगभरातली कमाई इथेच दाखवायची, परदेशातलं खातं लपवलं तर १० लाखांचा दंड बसू शकतो.

मी स्वतः मार्चमध्ये वर्षभराहून जुन्या इक्विटी फंडातला सव्वा लाखापर्यंतचा नफा (तेवढ्यावर टॅक्स नाही) युनिट विकून बुक करतो आणि परत गुंतवतो, सोळा हजारांच्या आसपास वाचतात. हे सांगितलं की समोरच्याचं तोंड पडतं.