सेल्फ ड्रायव्हिंग ट्रकमध्ये पैसे घालायचे का? आधी जुने लॉग काढा

मी अमेरिकेत डॅलसला एका छोट्या फ्लीटचं डिस्पॅच बघतो, म्हणजे कुठला ट्रक कुठे जाणार ते ठरवतो, बारा ट्रक आहेत, आणि आमचा मालक दर महिन्याला विचारतोच की आपण पण ड्रायव्हरलेस घ्यायचा का. शेवटी एका रविवारी बसून हिशोब मांडला, तोच इथे टाकतोय, तुम्ही तुमच्या लेन, म्हणजे नेहमीचे मार्ग, घालून करून बघा.

आधी मागच्या तीन महिन्यांचे लॉग, म्हणजे ट्रिपच्या वेळांच्या नोंदी, काढा आणि प्रत्येक ट्रिपचे दोन भाग करा, गाडी हायवेवर पळत होती तो वेळ आणि बाकी सगळा. आमचं डॅलस-ह्यूस्टन घ्या, साधारण 240 मैल, पावणेचार-चार तास. इथे ड्रायव्हरला 11 तास गाडी चालवता येते, तेही ड्युटीवर आल्यापासून 14 तासांच्या आत, मग सलग 10 तास सुट्टी. म्हणजे जाऊन-येऊन एका दिवसात बसायला हवं, पण बसत नाही, कारण ह्यूस्टनच्या एका गोडाऊनला नऊची अपॉइंटमेंट असून गाडी डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या फलाटाला, लागते साडेबाराला, ड्रायव्हर बिचारा केबिनमध्ये डबा खाऊन बसलेला आणि 14 तासांचं घड्याळ चालूच. रोबोटला ते घड्याळ नाही हे खरं, पण म्हणून फोर्कलिफ्टवाला लवकर येणारे का? ट्रक उभाच, हप्ता चालूच.

फोर्ट वर्थ-फिनिक्सचं गणित वेगळं. हजारेक मैल, पंधरा-सोळा तास, म्हणजे एकटा ड्रायव्हर मध्ये 10 तास थांबणारच, नाहीतर दोघांचा पगार द्या. मशीन इथे खरंच कमावून देईल. तुमचे निम्मे मैल असल्या लेनवर असतील तरच पुढे विचार करा.

आता पैसे कसे घालायचे, तर अख्खा ट्रक लगेच विकत घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. ड्रायव्हरलेस ट्रक बनवायला निघालेल्या कंपन्यांपैकी स्टारस्की 2020 मध्ये बंद पडली, एम्बार्क 2023 मध्ये, वेमोसारख्या मोठ्या कंपनीनेही त्याच वर्षी ट्रकचं काम बाजूला ठेवलं, उद्या सेन्सर बिघडला तर जाणार कुणाकडे? ऑरोरा या तसल्याच कंपनीने 2025 मध्ये डॅलस-ह्यूस्टन ड्रायव्हरलेस सुरू केलं आणि काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या पॅकारच्या सांगण्यावरून पुढच्या सीटवर माणूस बसवला, गाडी तो चालवत नव्हता, नुसता बसून असायचा. त्यामुळे मैलामागे पैसे देऊन एक-दोन लोड असल्या कंपनीकडून पाठवा आणि रेट ताडून बघा. कोडियाक या आणखी एका कंपनीचे ट्रक टेक्ससच्या तेलपट्ट्यात खासगी रस्त्यांवर ड्रायव्हरशिवाय वाळू वाहतात, तसं ठरलेल्या फेरीचं काम असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हे लेखी विचारा: रात्री दोनला हायवेवर टायर फुटला तर कोण येणार, किती वेळात? पावसात गाडी थांबली तर लोड लेट झाल्याचा दंड कुणाच्या खिशातून? त्यांच्या टर्मिनलपासून, म्हणजे ड्रायव्हरलेस ट्रक जिथे येऊन थांबतो त्या तळापासून, डॉकपर्यंत कोण नेणार? तिथे लोकल ड्रायव्हर लागतोच, त्याचा खर्च सगळे विसरतात.

(कराडहून काका पण विचारत होते, त्यांचे चार ट्रक आहेत. म्हटलं काका, गडकरींनी भारतात ड्रायव्हरलेस येऊ देणार नाही असं कधीच सांगितलंय, तुम्ही निवांत रहा.)

आम्ही काय केलं, तर दोन जुने ट्रेलर घेतले. आता त्या गोडाऊनला ड्रायव्हर भरलेला ट्रेलर सोडतो, रिकामा जोडतो आणि अर्ध्या तासात गेटबाहेर, संध्याकाळी डॅलसला घरी.